चाकोरीच्या मापाची जीप

जीप मी हौसेने घेतली नाही. हे आधीच सांगते, कारण ती घेतल्यापासून भेटलेल्या प्रत्येकाने मला आधी हौसेचंच विचारलं. आणि मी उत्तर द्यायच्या आत, माझ्याशेजारी जो कोणी पुरुष उभा असेल त्याच्याकडे वळून पुढचं बोलणं केलं.

मी जनावरांची डॉक्टर आहे. माझा दवाखाना मन्नाएखेळ्ळीपासून आत आहे आणि त्याच्याकडे चौदा गावं आहेत. हायवेवरून वळलं की दोन-तीन किलोमीटर तांबडा मुरूम लागतो, त्यावर माझी स्कूटर बारा महिने चालायची. मुरूम संपून काळी जमीन सुरू झाली की मात्र पावसाळ्यात स्कूटरचा काही उपयोग नाही. चिखल चाकात आणि मडगार्डात गच्च भरतो. काठीने उकरून काढायचा, वीस पावलं पुढे जायचं, पुन्हा उकरायचा.

एका श्रावणात एका वस्तीवर म्हैस अडली होती. वासराचा पाय आत दुमडलेला. फोन आला तेव्हा मी निघाले ते लगेच निघाले, पण स्कूटर निम्म्या वाटेत रुतली. ती तिथंच बांधाला टेकवून पिशवी खांद्याला लावून चालत गेले. पोचेपर्यंत वासरू आत मेलेलं होतं. ते ओढून काढलं, म्हैस वाचली. घरातल्या म्हातारीने माझ्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाली, "तुजी काय चूक, माय. वाटच तसली हाय." मला ते बरं वाटायला हवं होतं. उलट मी घरी येईपर्यंत धुमसत होते. वाट तसली आहे हे मलाही माहीत होतं. पुढच्या वर्षीही ती तसलीच असणार होती.

नवरा आणि मुलगी तिच्या शाळेसाठी गुलबर्ग्याला राहतात. इकडे क्वार्टरमध्ये मी आणि माझे वडील, आम्ही दोघंच. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. ते पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते, अफजलपूरकडच्या कालव्यांवर त्यांनी नोकरीभर खात्याची जीप चालवली. आमच्या गल्लीतून सरकारी नोकरीत गेलेले ते पहिले. ज्या गावांत त्यांच्या बापाला वेशीबाहेरून जावं लागायचं, त्याच गावांत अप्पा साहेबांना घेऊन जीपने जायचे, आणि स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला त्याची जात विचारायला लोक जरा कचरायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही कशाचं तरी बोलणं चाललं असताना, सहज.

म्हणून एका खाणवाल्याकडची जुनी, कापडी छताची, आखूड जीप विकायला आहे असं कळलं तेव्हा मी त्यांना बरोबर घेऊन गेले. ते तिच्याभोवती एक फेरी मारून आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिन चांगलं हाय. घे." चारही चाकांना जोर देणारा दांडा होता, तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागायची. फक्त टायर पार गुळगुळीत झाले होते.

तिथून सगळा वैताग सुरू झाला.

मी मोबाइलवर पंधरा दिवस टायरचे व्हिडिओ पाहिले. वाळूत चाललेल्या गाड्या, बर्फात चाललेल्या गाड्या, रुंद रुंद टायर. माझा हिशेब सरळ होता: पाय पसरट असला की रुतत नाही. जीपला जुने टायर होते सहा इंच रुंदीचे, सोळा इंची डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी कड्यावर, बसणारे. त्यांना सगळे सहा-सोळा म्हणतात. मला हवे होते दोनशे पस्तीसचे. म्हणजे दोनशे पस्तीस मिलिमीटर रुंद, सव्वानऊ इंच.

"तुला कामून पायजेत असले?" अप्पा म्हणाले. "जीपला सहा-सोळाच असतेत."

"अप्पा, चिखलात रुततेत ते."

"मी जन्मभर त्याच्यावरच चालवली. किती डाव रुतलो? बारीक टायर चिखल कापतंय, खाली घट्ट जमिनीला लागतंय. रुंद टायर चिखलावर नाचतंय."

"तुमच्याकडं कालव्याचा भराव व्हता. माझ्याकडं शेतं हायती."

गुलबर्ग्याच्या टायरच्या दुकानात मी वही घेऊन गेले होते. वहीत मापं होती: मडगार्डच्या आतली जागा, पाट्यापासून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांपासून, टायरपर्यंतचं अंतर, जमिनीपासून एक्सलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या आसाच्या, पोटापर्यंतची उंची. सगळी मी स्वतः, जीपखाली पडून, टेपने घेतलेली. मी दुकानदाराला विचारलं, "दोनशे पस्तीस बसवले तर पुढच्या पाट्याला घासतील का?"

त्याने वही पाहिली नाही. अप्पांकडे पाहून म्हणाला, "अण्णा, गाडी कोण चालवणार?"

"मी चालवणार," मी म्हणाले.

"घासणार नाही, अण्णा," तो अप्पांना म्हणाला. "बिनधास्त घ्या."

अप्पांनी सहा-सोळाचा भाव विचारला. मी दोनशे पस्तीस घेतले. खरं सांगायचं तर त्या दोघांच्या बोलण्यात आपला शब्द शिरावा हेच त्यातलं निम्मं कारण असेल. नव्या टायरला पंधराच्या डिस्क लागत होत्या, त्याही घेतल्या. जुन्या डिस्क हायवेवरच्या मिस्त्रीकडे टाकून दिल्या. त्यानेच टायर चढवून दिले.

हा मिस्त्री पन्नाशीचा, मुसलमान, हात अतिशय चांगला. ट्रक आणि ट्रॅक्टर त्याच्याकडे रांगेत उभे असायचे. वेल्डिंगची अशी रेघ ओढायचा की शिवणाची वाटावी. माझ्या तोंडाकडे त्याने तोवर एकदाही पाहिलं नव्हतं. जीप माझी, काम मी सांगायची, आणि तो उत्तर अप्पांना द्यायचा. अप्पा बरोबर नसले तर चहावाल्याला द्यायचा.

टायर घासले. सरळ जाताना नाही, पण स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या बाजूने पाट्याला लागायचा आणि भाकरी करपल्यासारखा रबराचा वास यायचा. मिस्त्री म्हणाला, "चाचा, फिकर नक्को." त्याने स्टेअरिंगचा स्टॉपर वाढवला, म्हणजे चाक आधीच्याइतकं वळणारच नाही अशी सोय केली. घासायचं थांबलं. पण मग गावातल्या बोळात, जिथे मी एका दमात वळायचे, तिथे मला पुढे-मागे पुढे-मागे तीन वेळा करावं लागायला लागलं. एका गावात शाळा सुटली होती. ओळीने उभी राहिलेली पोरं माझं वळणं मोजत होती. मोठ्याने मोजत होती.

"मी सांगायलो व्हतो," अप्पा म्हणाले.

हे वाक्य त्यांनी त्या वर्षात किती वेळा म्हटलं ते मी मोजलेलं नाही. काही वेळा न म्हणताही ते ऐकू यायचं. ते नुसते बाहेर शेतांकडे पाहत राहायचे.

मिस्त्रीकडे पुन्हा गेले. तो म्हणाला, खरा इलाज एकच, एक्सल रुंद करायचा. नंतरच्या मॉडेलच्या गाड्यांचा एक्सल जुन्यापेक्षा रुंद असतो, तो घातला की दोन्ही बाजूंची चाकं बाहेर सरकतात, पाट्यापासून लांब जातात. "कितना चौडा?" असं मी त्याच्याच भाषेत विचारलं. त्याने हाताची बोटं अप्पांसमोर धरली. सहा बोटं.

मी दोन दिवस विचार केला. आता मागे फिरायचं म्हणजे नवे टायर, नव्या डिस्क सगळं वाया, आणि अप्पांचं बरोबर. मी हो म्हणाले.

एक्सल मिळायला वेळ लागला. पुढचा एका भंगारवाल्याकडे मिळाला, मागचा दुसऱ्याच कुणाकडे. जुन्या पाट्यांवर नवे एक्सल बसत नाहीत, त्यांचे बैठकीचे तुकडे कापून दुसरीकडे वेल्ड करायचे, एक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या शाफ्टची लांबी बदलायची. मिस्त्रीने आठ दिवस सांगितले होते. मृग गेला, आर्द्रा लागली, आणि जीप त्याच्या शेडमध्ये चार ठोकळ्यांवर चाकांशिवाय उभी. मी पुन्हा स्कूटरवर, काठी घेऊन. फोन केला की तो म्हणायचा, "चाचा को देव जरा." मी म्हणायचे, चाचा झोपलेत, मला सांगा. तो म्हणायचा, मग उठल्यावर करतो.

अखेर जीप आली. दिसायला ती भलतीच दिसत होती, हे कबूल करायला हवं. रुंद फाकलेली, बैठी, अंगावर धावून येणाऱ्या वळूसारखी. टायर मडगार्डच्या बाहेर आले होते. पहिल्याच पावसात त्यांनी उडवलेला सगळा चिखल माझ्या आणि अप्पांच्या अंगावर आला, कारण त्या जीपला दारं नाहीत. मग मडगार्डला रबराचे पट्टे लावले. बोळात वळायला लागली, घासायची थांबली. हायवेवर पोरं फोटो काढायची. आठवडाभर मला वाटलं की संपलं एकदाचं.

मग एका सकाळी एका बाईचा फोन आला. "आक्का, म्हस रातच्याला व्याली. आता अंग भाईर आलंय. लौकर या."

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशयच उलटून बाहेर लोंबतं. वेळेत आत गेलं नाही तर सुजतं, फाटतं, जनावर जातं. मी पिशवी भरली. अप्पा जीपपाशी उभेच होते. रुंद झाल्यापासून त्यांनी ती चालवायला घेतली नव्हती, पण बसायचे माझ्याबरोबर. "चल," म्हणाले, "मी येतो."

मुरमाच्या रस्त्यावर, काळी जमीन यायच्या आधीच मी दांडा ओढून पुढच्या चाकांना जोर दिला, म्हणजे चिखलात थांबायला नको. शंभर-दीडशे पावलं बरी गेली. मग जीप अडखळायला लागली, घोडं बुजल्यासारखी. हिसके देत होती, आतून दातावर दात घासल्यासारखा आवाज येत होता. मी दांडा परत ढकलायला गेले तर तो हलेना. दोन्ही हातांनी, पाठ सीटला टेकवून ढकलला. हलेना.

"रिव्हर्स घे," अप्पा म्हणाले.

रिव्हर्स घेतला, जीप एक वीत मागे आली, दांडा तसाच. मागे फिरायला जागा नव्हती, म्हैस पुढे होती. मी तशीच दामटली. मुरूम संपून काळ्या चिखलात शिरलो, थोडं रेटत पुढे गेलो, आणि तिथे खालून कडकन आवाज आला. जीप थांबली ती थांबलीच. खाली वाकून पाहिलं तर पुढच्या शाफ्टचा सांधा तुटून लोंबत होता, आणि रुंद टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल इतका भरला होता की टायरची नक्षी दिसत नव्हती. चार काळे लाडू.

मी चाकाला लाथ मारली. मारून माझाच पाय दुखला. एवढे महिने, एवढी मापं, एवढी तोंडं बघितली, आणि मी त्याच जागी होते, जिथे मला स्कूटरने आणून सोडलं असतं.

अप्पांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पिशवीचा एक बंद धरला. आम्ही दोघं पिशवी मध्ये धरून चालत निघालो. त्यांचं वय पाहता मी म्हणाले, तुम्ही इथंच थांबा. ते म्हणाले, "तू चल."

म्हैस गोठ्यात आडवी होती. बाईने अंगाखाली धुतलेलं लुगडं पसरून ठेवलं होतं, शहाणी बाई. मी कमरेच्या मणक्यात भुलीचं इंजेक्शन दिलं, बाहेर आलेलं सगळं गार पाण्याने धुतलं, औषधाच्या पाण्याने धुतलं. ते टोपलीएवढं सुजलं होतं. बाईकडे साखर मागितली, मूठ मूठ भरून वर पसरली. साखर सुजेचं पाणी ओढून घेते. मग लुगड्याचं एक टोक बाईकडे आणि एक अप्पांकडे दिलं.

"उचला. मी सांगेपर्यंत खाली सोडायचं न्हाई," मी म्हणाले.

अप्पांनी धरलं. त्यांच्या नोकरीत ते कायम गाडीपाशी थांबायचे. साहेब आत जायचे, काम व्हायचं, साहेब परत यायचे. आत काय चालतं ते पाहायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. मी गोठ्याच्या शेणात गुडघे टेकून, मूठ मिटून, काठाकाठाने एकेक बोट आत ढकलत होते. म्हैस कळ द्यायची, ढकललेलं निम्मं परत बाहेर यायचं. मी थांबायचे, कळ जाऊ द्यायचे, पुन्हा सुरू करायचे. अप्पांनी दोनदा पकड बदलली, पण लुगडं खाली गेलं नाही. पाऊण तास लागला असेल. शेवटी सगळं एकदम, आपल्या वजनानेच आत सरकलं आणि माझा हात खांद्यापर्यंत आत गेला. टाके घातले, सलाईन लावलं. म्हैस दुपारी उठून उभी राहिली आणि तिने चाऱ्याला तोंड लावलं.

परत येताना अप्पांनी विचारलं, "हे रोज असंच असतंय?"

"रोज न्हाई. आठवड्यातून एखादं."

जीप दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "मला वाटायचं तू सुया देत फिरतीस."

बाईच्या दिराच्या ट्रॅक्टरने जीप ओढून मिस्त्रीच्या शेडपर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी मी आणि अप्पा तिथे गेलो. मिस्त्रीने तुटलेला सांधा हातात घेतला आणि अप्पांना म्हणाला, "चाचा, मॅडमने जोर से चलाई होगी. लेडीज लोगां क्लच ऐसाच छोड़तेत."

अप्पा म्हणाले, "मला कामून सांगायलाव? गाडी तिची हाय. तिच्याशी बोला."

मिस्त्रीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

माझी तयारी होती. आदल्या संध्याकाळी अप्पांनीच मला जमिनीवर रेघा ओढून समजावलं होतं. एक्सलच्या पोटात दातेरी चाकांची जोडी असते. शाफ्ट किती वेळा फिरला म्हणजे चाक एकदा फिरतं ते त्या जोडीवर ठरतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलचं हे माप एकच लागतं. ते वेगळं असेल तर चारही चाकांना जोर दिला की पुढची चाकं एका वेगाने जायला बघतात, मागची दुसऱ्या, आणि मधलं सगळं पिळवटून जातं. आमचे एक्सल दोन वेगळ्या भंगारातून आले होते. रुंदी मोजली होती सगळ्यांनी. पोटातलं कोणी मोजलं नव्हतं. मीही नाही.

"जॅक लावा," मी मिस्त्रीला म्हणाले. "दोन्ही चाकं वर घ्या. मी मोजून दाखवते."

आधी मागची चाकं उचलली. शाफ्टवर खडूने रेघ मारली. मी डावं चाक धरलं, अप्पांनी उजवं, आणि मिस्त्रीला म्हटलं, तुम्हीच खाली जाऊन शाफ्ट मोजा. आम्ही दोघांनी बरोबरीने दहा फेरे फिरवले. खालून आवाज आला, "उंचास." एकोणपन्नास. मग पुढची उचलली. पुन्हा दहा फेरे.

"किती?" मी विचारलं.

"गिनती चुकली. फिर से."

पुन्हा फिरवलं.

"चौवन," तो खालूनच म्हणाला. चोपन्न, मागच्यापेक्षा पाच जास्त.

बाहेर आला तेव्हा त्याने हात पुसायला जरा जास्तच वेळ घेतला. मग म्हणाला, "मेरी गलती है, डॉक्टर अक्का." मला वाटलं होतं, हे ऐकून मोठं समाधान होईल. झालं थोडं. पण जीप पुन्हा ठोकळ्यांवर चढली होती आणि बाहेर आभाळ भरून आलं होतं.

मागच्या एक्सलची पोटातली जोडी बदलली तेव्हा पाऊस निम्मा सरला होता. आता चारही चाकं एका चालीने चालायची, दांडा बोटाने पुढे-मागे व्हायचा. आणि तरीही चिखलात जीप अडकायचीच. कारण आता मला दिसलं होतं. सव्वानऊ इंचाचा टायर चिखल कापत नव्हता, लाटण्यासारखा गोळा करत होता. भरला की मडगार्डात घट्ट बसायचा. वाळूतल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून मी काळ्या मातीचा निर्णय घेतला होता. अप्पांचं बरोबर होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, दोन महिने.

पण एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती. रुंद एक्सल घातल्यापासून जीप वाटेवर तिरकी चालत नव्हती. आधी तिचं एक चाक चाकोरीत असायचं आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर, आणि मी एका कुल्ल्यावर बसून स्टेअरिंग ओढत राहायचे. आता दोन्ही चाकं आपोआप चाकोरीत बसायची. एका दुपारी मी उतरून टेप काढला आणि चाकोरी मोजली. साडेचार फूट. बांधावर बसलेले दोघं माझ्याकडे पाहत होते. एकाने विचारलं, "रस्ता व्हायलाय का, म्याडम?" मी म्हणाले, न्हाई, नुसतं मोजायलेय. तो दुसऱ्याला म्हणाला, "दर साली मोजून जातेत."

अप्पांच्या वेळच्या वाटा बैलगाड्यांनी पाडलेल्या होत्या, चार फुटांच्या आसपास. जुनी जीप त्यांत बरोबर बसायची. आता गाड्या राहिल्या नाहीत, वाटा ट्रॅक्टर पाडतात. ते मी अप्पांना सांगितलं, टेप समोर धरून. त्यांनी टेप हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि म्हणाले, "व्हय. पण टायर बारीकच पायजे."

"व्हय," मी म्हणाले. "टायर बारीक."

अप्पांनी आत जाऊन स्वतःच चहा ठेवला.

पुन्हा गुलबर्ग्याला गेलो, त्याच दुकानात. मी या वेळी सात-सोळा ठरवले होते: रुंदीला बारीक, पण उंचीला जुन्यापेक्षाही दोन इंच जास्त, म्हणजे एक्सलचं पोट मधल्या उंचवट्याला घासणार नाही. माझ्या त्या सव्वानऊ इंचाच्या टायरपेक्षाही ते उंच होते, ही गोष्ट पहिल्या दिवशी त्या दुकानदाराने सांगितली असती, किंवा मी विचारली असती, तर पाट्याला घासणं, स्टॉपर, काहीच झालं नसतं. दुकानदाराने विचारलं, "अण्णा, कोणता साइज?"

अप्पा म्हणाले, "सहा-सोळा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "अप्पा, घरी काय ठरलं?"

"तुझं ठरलं. माझं सहा-सोळाच."

सात-सोळा घेतले. आता सोळाच्या डिस्क हव्या होत्या, आणि माझ्या जुन्या डिस्क मिस्त्रीने कधीच भंगारात घातल्या होत्या. त्या शोधण्यात आणखी पंधरा दिवस गेले. तीन एका गावात मिळाल्या, दोन दुसऱ्या गावात, त्यातली एक वाकडी निघाली.

आता जीप चालते. चिखल कापते, चाकोरीत बसते, मागच्या अख्ख्या पावसाळ्यात एकदाच थांबावं लागलं, तेही ओढ्याला पाणी होतं म्हणून. दिसायला विचित्र आहे. एवढ्या रुंद एक्सलवर एवढे काटकुळे टायर पाहून लोक हसतात, फोटो काढायचं कोणी नाव घेत नाही. केलेल्या बदलांची नोंद करून घ्यायचा माझा अर्ज आरटीओकडून दोनदा परत आला, दोन्ही वेळा कारण नियमाला धरून होतं, तिसऱ्यांदा दिलाय. रुंद टायर एका शेतकऱ्याने पाण्याच्या टँकरला लावायला नेले, ते तिथेही बसले नाहीत, त्याने परत आणून माझ्या पायऱ्यांपाशी ठेवले. मिस्त्री आता फोन मलाच करतो. बहुतेक वेळा वाईट बातमी असते, पण मलाच करतो.

अप्पा जीप चालवत नाहीत. स्टेअरिंग जड झालं म्हणतात, आणि ते खरं आहे. डावीकडच्या सीटवर बसतात, वस्तीवर पोचलं की माझ्याबरोबर गोठ्यात येतात, बादली धरतात. महिनाभरापासून पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजायला लागलेत. मिस्त्री म्हणतो, चाकांची सरळ रेघ चुकली आहे. अप्पा म्हणतात, सात-सोळा या गाडीला जास्तच होतो. मी पुन्हा वही काढली आहे. सोमवारी गुलबर्ग्याला जाऊन चाकं तपासून घ्यायची आहेत, आणि अप्पांनी सांगून ठेवलंय की ते बरोबर येणार.